'पृथ्वी गोल आहे' : खानदेशातील एका पाठाचा इतिहास

प्राथमिक शाळेत शिकविल्या जाणाऱ्या विज्ञानाच्या पाठांपैकी 'पृथ्वी गोल आहे' हा पाठ खानदेशात सर्वांत जुना होय; आणि शिकविण्यास सर्वांत अवघडही तोच. वनस्पतीचे भाग, पाण्याच्या तीन अवस्था, हवेचे अस्तित्व हे विषय येथील शाळांत आधुनिक शिक्षणाबरोबर एकोणिसाव्या शतकात आले. पृथ्वीच्या आकाराचा विचार मात्र त्यापूर्वी सहाशे वर्षे या प्रदेशात रीतसर शिकविला जावा अशी तजवीज झाली होती, आणि तिला कोरीव लेखाचा पुरावा आहे. अवघडपणाचे कारण निराळे. बी रुजताना दाखविता येते, पाणी उकळून दाखविता येते. पृथ्वीचा गोलपणा वर्गात दाखविता येत नाही. उलट तापीकाठच्या काळ्या रानात उभ्या असलेल्या मुलाला चोहोकडे जे दिसते, ते या पाठाच्या नेमके विरुद्ध असते. शिक्षकाचे ऐकावे की डोळ्यांचे, हा प्रश्न मुलापुढे बहुधा प्रथम याच पाठाच्या वेळी उभा राहतो.

जळगाव-धुळे भागातील या पाठाची वाटचाल पाहिली असता असे दिसते की, निष्कर्ष येथे वेळोवेळी येऊन पोहोचला. ज्या शंकांतून तो निष्कर्ष निघाला त्या शंका मात्र वाटेत गळत गेल्या. शंकेशिवाय आलेला निष्कर्ष मुलाच्या मनात कोणते रूप घेतो, याचा विचार शिक्षणाच्या इतिहासात फारसा झालेला नाही. ग्रंथ, शाळा आणि शिक्षक यांची गणना पुष्कळ झाली. एका कल्पनेचा प्रवास क्वचितच पाहिला गेला.

प्रदेशाविषयी एक खुलासा येथेच करावा. जुना खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व व पश्चिम असा विभागला गेला. १९६० मध्ये या दोन जिल्ह्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. पुढील विवेचनात खानदेश हा शब्द या सर्व मुलखाला लावलेला आहे.

१

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, डोंगराच्या कुशीत पाटण हे स्थान आहे. आज ते पाटणादेवी या नावाने परिचित असून यात्रेकरू व वनविहारासाठी येणारे लोक तेथे जातात. तेथील भवानीच्या देवळातील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातील आपल्या निबंधात त्याची माहिती दिली. पुढे कीलहॉर्न यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात तो संपादून प्रसिद्ध केला.

लेख यादव राजा सिंघण याच्या काळातील आहे. त्याचे मांडलिक असलेल्या निकुंभ वंशातील सोइदेव व हेमाडिदेव यांचा त्यात उल्लेख येतो. भास्कराचार्यांचा नातू, लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांचे सिद्धांतशिरोमणी आदी ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापन केला, आणि सोइदेवाने शके ११२८, प्रभव संवत्सरी, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणप्रसंगी या मठाला दान दिले. इसवी सनाच्या गणनेने हे वर्ष १२०७ होय. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधील, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी रचला. ग्रंथरचनेनंतर साठ वर्षांच्या आत त्याच्या अध्यापनासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली, ही गोष्ट आपल्याकडील विद्येच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल. भास्कराचार्यांचे विज्जडविड कोणते यावर विद्वानांचा वाद आहे. त्यांचे जन्मस्थान काहीही ठरो, त्यांच्या ग्रंथांचे पाठ खानदेशात व्हावेत अशी व्यवस्था झाली, एवढे या लेखाने निश्चित केले आहे.

या लेखाचा शेवटचा भाग अधिक बोलका आहे. वंशवर्णन, भास्कराचार्यांची स्तुती, मठाचा हेतू हा सर्व मजकूर संस्कृतात आहे. परंतु मठाच्या उत्पन्नाचा तपशील येताच भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. पाटणच्या बाजारात विक्रीस निघणाऱ्या मालावर राजाला गिऱ्हाइकांकडून मिळणारा कर मठाला दिला आहे. जितके घाणे चालतील तितक्यांमागे एकेक पळी तेल द्यावयाचे आहे. मोजमाप मठाच्याच मापाने व्हावयाचे आणि मापणावळ मठ व मापारी यांनी निम्मी निम्मी वाटून घ्यावयाची आहे. तेली, व्यापारी, मापारी यांना जे कळणे अवश्य होते ते त्यांच्या भाषेत कोरले गेले. जे कळणे अवश्य मानले गेले नाही ते संस्कृतात राहिले. यात कोणी कोणावर जाणूनबुजून अन्याय केला असे समजण्याचे कारण नाही. तो त्या काळचा सर्वमान्य संकेत होता. तथापि गोलाध्यायाचा पाठ चालू राहावा म्हणून पळीभर तेल मोजून देणाऱ्या तेल्याच्या मुलाला पृथ्वीच्या आकाराविषयी त्या मठात काय शिकवितात हे कळण्याचा मार्ग नव्हता, ही वस्तुस्थिती त्या एकाच दगडावर दोन भाषांत नोंदलेली आहे.

२

मठात काय शिकविले जात असावे, हे गोलाध्यायातील भुवनकोश नावाच्या प्रकरणावरून समजते. या प्रकरणाचे खरे महत्त्व त्यातील निष्कर्षांत नाही, शंकांत आहे. भास्कराचार्य आपले मत सांगून थांबत नाहीत. ऐकणाऱ्याच्या मनात जे जे आक्षेप येणे स्वाभाविक आहे, ते एकेक पुढे घेऊन ते त्यांची उत्तरे देतात.

पहिली शंका आधाराची. पृथ्वी कशावर टेकली आहे? आधार मानला तर त्या आधारालाही दुसरा आधार हवा, दुसऱ्याला तिसरा, आणि या मालिकेला अंत नाही. शेवटी कोठे तरी स्वतःच्या शक्तीने राहणारे काही मानावेच लागते. मग ती शक्ती प्रथमच पृथ्वीत का मानू नये? अग्नीत उष्णता असते, पाण्यात प्रवाहीपणा असतो, दगडात कठीणपणा असतो, तशीच ही शक्ती पृथ्वीच्या ठायी स्वाभाविक आहे. दुसरी शंका पडण्याची. पृथ्वी आपल्याकडे जड वस्तू ओढून घेते आणि म्हणून ती वस्तू पडल्यासारखी दिसते. सर्व बाजूंनी आकाश सारखेच असता पृथ्वीने स्वतः कोठे पडावे? तिसरी शंका खालच्या बाजूच्या माणसांची. तेथील माणूसही पृथ्वी आपल्या पायांखाली आणि आपण तिच्या वर, असेच समजतो. नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाचे पाण्यातील प्रतिबिंब उलटे दिसते, तशी पलीकडच्या बाजूची माणसे आपल्या मानाने उलटी आहेत, आणि तरीही ती तेथे आपल्यासारखीच सुखाने राहतात. चौथी शंका सपाट दिसण्याची. परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो; मनुष्य लहान आणि पृथ्वी अतिशय मोठी, म्हणून त्याला ती सपाट वाटते. आणि आक्षेपकावर त्यांनी उलट टाकलेला प्रश्नही तितकाच चोख आहे : पृथ्वी आरशासारखी सपाट असती, तर तिच्यावर दूर अंतरावर फिरणारा सूर्य सर्वांना सर्वकाळ का दिसला नसता?

या चौथ्या उत्तराचा खानदेशापुरता हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर धरला, तर त्याचा शंभरावा भाग ४०० किलोमीटर होतो. आजचे जळगाव व धुळे हे दोन्ही जिल्हे जोडले तरी पूर्व-पश्चिम विस्तार एवढा भरत नाही. म्हणजे रावेरपासून साक्रीपर्यंतचा सारा मुलूख पायी पालथा घातला, तरी पृथ्वीचा गोलपणा डोळ्याला प्रत्यय म्हणून येणार नाही, हे भास्कराचार्यांच्याच गणिताने निघते. मुलाचे डोळे खोटे सांगत नाहीत. ते अपुरे सांगतात. हा भेद ज्या पाठात स्पष्ट होतो, तेथे मुलाला डोळे आणि शिक्षक यांपैकी एकाची निवड करावी लागत नाही.

येथे एका अतिशयोक्तीपासून दूर राहिले पाहिजे. आकर्षणाचा उल्लेख आहे म्हणून न्यूटनचा सिद्धांत पाटणला पाचशे वर्षे आधी शिकविला जात होता, असे विधान उत्साहाच्या भरात केले जाते. १६८७ च्या न्यूटनच्या ग्रंथात आकर्षण परस्परांचे आहे, ते अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, आणि फळाला खाली आणणारा नियमच चंद्राला कक्षेत ठेवतो. यांतील काहीही भुवनकोशात नाही. शिवाय भास्कराचार्यांची पृथ्वी स्थिर आहे. तिला गती असल्याचे ते मानीत नाहीत. चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेमुळे घडते हे ते गणिताने सिद्ध करतात. तथापि ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या छायेत प्रवेश करतो, असे सांगून श्रुतिस्मृतींशी मेळही घालतात. त्यांच्या ग्रंथाचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी त्यात नसलेले काही घालण्याची गरज नाही. शिकणाऱ्याची शंका हा पाठाचा अंगभूत भाग मानणे, ही त्यातील शिक्षणदृष्टी स्वतःच पुरेशी मोलाची आहे.

३

यादवांची सत्ता गेल्यानंतरच्या काळात मठाचे नाव मागे पडले. भुवनकोशातील विचार मराठीत येण्यास सहा शतके लागली, आणि तो आला तोही खानदेशातून नव्हे, तर सातपुड्यापलीकडच्या माळव्यातून. भोपाळजवळ सीहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी होता. एतद्देशीयांना नवे ज्योतिष शिकवावयाचे तर पुराणातील भूगोलावर एकदम कोपर्निकसचे मत लादू नये. आधी त्यांच्याच सिद्धांतग्रंथांनी पृथ्वी गोल आहे हे पटवावे आणि मग पुढचे पाऊल टाकावे, असे त्याचे मत होते. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३४ साली त्याने ते मांडले. त्याच्या सहवासात असलेल्या सुबाजी बापू या शास्त्र्यांनी १८३६ मध्ये 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ लिहिला. पुराणे, सिद्धांत आणि कोपर्निकस या तिघांची मते शेजारी शेजारी ठेवून त्यात विचार केलेला आहे. पाटणच्या दगडावर जी भाषा केवळ तेला-सुपारीच्या हिशेबापुरती आली होती, तीत आता गोलाध्यायाचा वाद मांडला गेला. शंका आणि उत्तर ही जुनी पद्धतही त्याबरोबर मराठीत उतरली.

ती रुजली असती तर बरे झाले असते. परंतु शाळांसाठी ज्या पुस्तकांची मागणी होती, ती निराळ्या घडणीची होती. मुंबईत १८२२ पासून शालेय पुस्तकांच्या निर्मितीचे संघटित प्रयत्न सुरू झाले होते. १८५५ मध्ये मुंबई इलाख्याचे शिक्षणखाते स्थापन झाले आणि मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तकांची व्यवस्था लागली. ही पुस्तके इंग्रजी नमुन्यांवरून तयार होत. भूगोलाच्या अशा पुस्तकांत पृथ्वीच्या गोलपणाची जी प्रमाणे ठरून गेली, त्यांत पहिले प्रमाण जहाजाचे. दूरवरून येणाऱ्या जहाजाची आधी डोलकाठी दिसते, मग बुडखा. म्हणून समुद्राचा पृष्ठभाग वाकडा आहे. दुसरे प्रमाण जगप्रदक्षिणेचे. मॅगेलानचा ताफा १५१९ मध्ये निघाला आणि त्यातील एक जहाज १५२२ मध्ये परत आले.

जहाजाचे प्रमाण शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. मुंबई, रत्नागिरी, अलिबाग येथील मुलाला ते संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन पडताळताही येते. पण धरणगाव, पारोळा किंवा शिरपूर येथील मुलाने समुद्र पाहिलेला नसतो, जहाज पाहिलेले नसते. त्याच्यासाठी हे प्रमाण म्हणजे एका न पाहिलेल्या गोष्टीच्या समर्थनार्थ दुसरी न पाहिलेली गोष्ट होय. पडताळा घेता येत नाही म्हणून ते पाठ करावे लागते. प्रमाण पाठ करण्याची वस्तू झाली की, ते प्रमाण राहत नाही. इंग्लंड हे बेट आहे. तेथील मुलाला सुलभ असलेला पुरावा सातपुडा व सातमाळा यांच्यामधील मुलालाही तितकाच सुलभ असेल, असे कोणी विचारपूर्वक ठरविले नव्हते. विचार झालाच नव्हता, एवढेच.

४

या पार्श्वभूमीवर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे धुळे येथील वास्तव्य विशेष अर्थपूर्ण ठरते. दीक्षित (१८५३–१८९८) हे मूळचे कोकणातील मुरूडचे. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या ग्रंथाचे कर्ते आणि रॉबर्ट स्यूएल यांच्यासह 'इंडियन कॅलेंडर'चे लेखक म्हणून विद्वानांना ते परिचित आहेत. परंतु ते पेशाने मराठी शाळांचे शिक्षक आणि पुढे शिक्षकांचे शिक्षक होते, याचे स्मरण कमी ठेवले जाते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून निरनिराळ्या गावी नोकरी करीत ते धुळ्यास आले, आणि १८९० च्या आगेमागे काही वर्षे तेथील शिक्षक-प्रशिक्षण शाळेत त्यांनी अध्यापन केले. खेडोपाडीच्या प्राथमिक शाळांत जाणारे पंतोजी जेथे तयार होत, तेथे भारतीय ज्योतिषाचा त्या काळचा सर्वश्रेष्ठ अभ्यासक शिकवीत होता. विद्यापीठाच्या नकाशावर तेव्हा धुळ्याचे नाव नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या योगायोगाचे मोल कळते.

दीक्षितांचे 'ज्योतिर्विलास' हे पुस्तक याच सुमाराचे. त्याला 'रात्रीची दोन घटका मौज' असे दुसरे नाव आहे. एक घटका चोवीस मिनिटांची; दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, जवळजवळ शाळेच्या एका तासाएवढा वेळ. नावातच पुस्तकाची रीत आली आहे. वाचकाने घराबाहेर पडावे, आकाशाकडे पाहावे, दिसते त्याची नोंद घ्यावी, आणि मग कारणांकडे वळावे. यासाठी समुद्र लागत नाही, जहाज लागत नाही, दुर्बीणही लागत नाही. खानदेशात आठ महिने आकाश निरभ्र असते आणि उन्हाळ्यात माणसे अंगणात निजतात. या मुलखातील मुलाजवळ दुसरे कोणते शैक्षणिक साहित्य नसले तरी हे होते.

ध्रुवताऱ्याचेच उदाहरण घ्यावे. जळगाव-धुळ्याचे अक्षांश सुमारे २१ उत्तर आहेत. म्हणून येथे ध्रुव उत्तर क्षितिजापासून सुमारे २१ अंश उंच दिसतो. हात लांब करून धरलेल्या मुठीची रुंदी साधारण दहा अंशांची कमान झाकते. म्हणजे खानदेशात क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या की ध्रुव सापडतो. कन्याकुमारीस तो एक मूठही वर नसतो. जम्मूस नेमणुकीवर असलेल्या खानदेशी जवानाला तो तीन मुठींहून अधिक उंच दिसतो. पृथ्वी सपाट असती, तर अतिदूरच्या ताऱ्याची उंची गावोगाव अशी बदलली नसती. भास्कराचार्यांनीही निरक्षदेशी ध्रुव क्षितिजावर आणि मेरूवर तो डोक्यावर असतो, असे सांगून हाच धागा धरला होता. जहाजाच्या प्रमाणात जे सिद्ध होते तेच येथे सिद्ध होते; फरक इतकाच की, येथे मुलाची स्वतःची मूठ पुराव्याचा भाग बनते.

दीक्षितांच्या हाताखाली शिकलेल्या पंतोजींपैकी सर्वांनीच ही दृष्टी पुढे नेली असती तरी क्रमिक पुस्तक व तपासणी यांची चौकट तीच होती. १८९४ च्या सुमारास दीक्षित पुण्यास गेले आणि १८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

५

विसाव्या शतकात प्राथमिक शिक्षणाच्या ध्येयधोरणांत या विषयाला पुन्हा पुन्हा स्थान मिळाले. डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्यानंतर वर्षभराच्या आत, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षणाची परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने मूलोद्योग शिक्षणाचा अभ्यासक्रम तयार केला. त्यातील सामान्य विज्ञानात रात्री दिशा व वेळ ओळखण्यापुरते ताऱ्यांचे ज्ञान हा स्वतंत्र घटक होता. दीक्षितांची दोन घटका मौज कागदावर तरी शाळेत आली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिली दहा वर्षे विज्ञान सर्वांना अनिवार्य असावे अशी शिफारस केली. १९६७ मध्ये महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजेच बालभारती, स्थापन झाले. पुढे प्राथमिक स्तरावर विज्ञान हे परिसर अभ्यास या नावाखाली आले. परिसर हा शब्द चांगला आहे. प्रश्न एवढाच की, संपूर्ण राज्याला एक पुस्तक असता परिसर कोणाचा?

याच काळात अन्यत्र एक महत्त्वाचे संशोधन झाले. नुसबाउम व नोव्हाक यांनी १९७६ मध्ये, आणि व्होस्नियाडू व ब्रूअर यांनी १९९२ मध्ये, अमेरिकन मुलांच्या मनातील पृथ्वीची कल्पना तपासली. दुसऱ्या अभ्यासात पहिली, तिसरी व पाचवीच्या वर्गांतील ६० मुले होती. 'पृथ्वी गोल आहे' हे वाक्य बहुतेकांना येत होते. पण चित्र काढावयास सांगून आणि 'सरळ चालत राहिलास तर कोठे पोहोचशील', 'कडेवरून पडशील काय' असे प्रश्न विचारून पाहता अनेकांच्या मनात भलतीच पृथ्वी निघाली. कोणाची तबकडीसारखी गोल व सपाट होती. कोणाची पोकळ चेंडूसारखी, आत माणसे राहणारी. काही मुलांच्या मनात तर दोन पृथ्वी होत्या : एक पायांखालची सपाट, दुसरी आकाशात तरंगणारी गोल. मुलांनी शिक्षकाचे वाक्यही सोडले नव्हते आणि डोळ्यांची साक्षही सोडली नव्हती. दोहोंची त्यांनी आपापल्या परीने तडजोड केली होती. या मुलांना अडविणाऱ्या शंका पाहिल्या तर त्या भुवनकोशातील शंकांच्या सख्ख्या बहिणी आहेत : आधार कशाचा, खालची माणसे पडत का नाहीत, सपाट का दिसते. बालमनाने विसाव्या शतकात विचारलेले हे प्रश्न बाराव्या शतकातील आचार्याने अग्राह्य मानले नव्हते.

मराठी मुलाच्या बाबतीत या गोंधळात भाषेची भर पडते. संस्कृतात गोल म्हणजे चेंडूसारखा घनाकार. सपाट आकृतीला वृत्त किंवा वर्तुळ हे शब्द आहेत. व्यवहारातील मराठीत मात्र चेंडूही गोल, भाकरीही गोल आणि कपाळावरचे कुंकूही गोल. तेव्हा पृथ्वी गोल आहे असे ऐकून मुलाने भाकरी डोळ्यांपुढे आणली, तर त्यात त्याची चूक नाही. त्याने शब्दाचा रूढ अर्थ घेतला. भास्कराचार्यांनी अशा वेळी कदंबाच्या फुलाची उपमा दिली आहे : मधला गोळा आणि त्याच्यावर सर्व बाजूंनी उभे राहिलेले केसर, तशी पृथ्वीवर सर्व बाजूंनी गावे, पर्वत, वृक्ष. एका उपमेत आकारही स्पष्ट होतो आणि वर-खाली यांचा घोटाळाही सुटतो. कदंब न पाहिलेल्या मुलापुढे बाभळीचे पिवळे फूल ठेवावे. खानदेशात बांधाबांधावर ते मिळते आणि रचना तीच आहे.

दुसरी अडचण पृथ्वी या शब्दाचीच आहे. घरी मूल जमीन म्हणते, भुई म्हणते, माती म्हणते. पृथ्वी हा शब्द त्याला प्रथम भेटतो तो पुस्तकात, आणि बरोबर असते ते निळ्या चेंडूचे चित्र. पायांखालची भुई आणि चित्रातील पृथ्वी या एकच आहेत, हे त्याला स्पष्ट सांगितलेच जात नाही. अमेरिकन मुलांपैकी काहींनी कल्पिलेली दुहेरी पृथ्वी येथे शब्दांनीच तयार करून ठेवली आहे.

आणि खानदेशात प्रमाण मराठी हीच पुष्कळ मुलांची दुसरी भाषा आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भागात खानदेशी म्हणजे अहिराणीची गणना मराठीत न करता भिल्ल भाषांबरोबर केली गेली. हे वर्गीकरण सर्वांना मान्य नाही. परंतु चा-ची-चे च्या जागी ना-नी-न म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकातील वाक्य परके वाटते, हे त्यासाठी मान्य करावे लागत नाही. सातपुड्यातील पावरी व भिलोरी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे अंतर कितीतरी अधिक. नर्मदाकाठच्या जीवनशाळांतून १९९० नंतर त्या बोलींत पाठ देण्याचा प्रयत्न झाला, तो या दृष्टीने लक्षणीय आहे. पाटणच्या लेखात संस्कृत आणि मराठी यांच्यामध्ये जी रेघ होती, ती प्रमाण मराठी आणि बोली यांच्यामध्ये सरकली, असे म्हणता येईल.

६

स्थानिक पुरावा म्हटला की तो फार सोपा असेल, अशी समजूत होण्याचा संभव आहे. तसे नाही. पृथ्वीचा परीघ मोजण्याची जुनी रीत अशी : एकाच याम्योत्तर रेषेवरील दोन गावांचे अक्षांश काढावे, त्यांतील फरक व गावांमधील अंतर यांवरून त्रैराशिक मांडावे. भास्कराचार्यांनी परीघ ४९६७ योजने आणि व्यास १५८१ योजने दिला आहे, आणि या दोन संख्यांचे गुणोत्तर ३.१४१ च्या पुढे जाते. या रीतीला चाळीसगाव व अमळनेर ही जोडी चांगली आहे. अमळनेर चाळीसगावच्या जवळजवळ थेट उत्तरेस, सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटरवर आहे, आणि अक्षांशांतील फरक सुमारे ०.६ अंश आहे. त्रैराशिकाने परीघ ३९,००० किलोमीटर येतो. परंतु विषुवदिनी माध्यान्ही एक मीटर उंचीच्या काठीची सावली चाळीसगावी सुमारे ३७.३ सेंटिमीटर आणि अमळनेरला ३८.५ सेंटिमीटर पडेल. फरक सव्वा सेंटिमीटरही नाही. आणि सूर्यबिंबाला स्वतःची रुंदी असल्याने सावलीची कड जवळपास तेवढीच पुसट असते. मुलांनी मोजलेले आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. न जुळणाऱ्या आकड्यांतून खानदेश पृथ्वीच्या मानाने केवढा लहान आहे हे मात्र त्यांना कळेल, आणि परिघाच्या शंभराव्या भागाचे ते जुने उत्तर त्यांच्या हाती येईल.

माध्यान्हाचीही एक गोष्ट आहे. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो असे सर्रास सांगितले जाते. घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशाच्या वेळेने चालते आणि चाळीसगाव ७५ रेखांशावर आहे. तेव्हा तेथील खरे माध्यान्ह साधारण साडेबाराच्या सुमारास होते. डोक्यावर तर सूर्य वर्षातून दोनदाच येतो : जळगाव-धुळ्याच्या अक्षांशांवर मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या दिवशी उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. मे महिन्यातील तो दिवस शाळेच्या उन्हाळी सुटीत येतो, आणि जुलैमधील पावसाळी ढगांत. उरतात ते दोन विषुवदिन. मार्चमधील दिवशी शिक्षक परीक्षांच्या तयारीत असतात. सप्टेंबरातील २२–२३ तारखेस शाळा भरलेली असते, पाऊस ओसरत आलेला असतो, आणि मधली सुटी बहुधा त्याच अर्ध्या तासाच्या आसपास होते.